नॅनोचा अर्ज भरावा का, आणि गणपतीपर्यंत गाडी मिळेल का?

भांडुपकर (प्रश्न), २९ मार्च २००९

सर्व सभासदांना नमस्कार.

गेल्या सोमवारी, २३ मार्चला, टाटांची नॅनो मरीन ड्राइव्हच्या पारशी जिमखान्यावर समारंभपूर्वक बाजारात आली आणि त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा विषय उरलेला नाही. ही गाडी जगाला पहिल्यांदा दिसली ती गेल्या वर्षी १० जानेवारीला, दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात. तेव्हा माझ्या मुलाने वर्तमानपत्रातले तिचे चित्र कापून कपाटाच्या दारावर चिकटवले होते. मधल्या चौदा महिन्यांत पश्चिम बंगालात सिंगूरला तिच्या कारखान्याविरुद्ध आंदोलन झाले, ऑक्टोबरमध्ये कारखाना गुजरातेत साणंदला नेण्याचे ठरले, चित्र पिवळे पडून एका कोपऱ्यातून सुटले. पण ते काढू देण्यास चिरंजीव अजून तयार नाहीत.

सल्ला परिस्थितीवर अवलंबून असतो, म्हणून माझी थोडक्यात सांगतो. मी मुलुंडच्या एका कारखान्यात स्टोअर विभागात नोकरीला आहे. घरात आम्ही दोघे, चौथीतला मुलगा आणि साडेपाच वर्षांची मुलगी. वाहन म्हणजे अकरा वर्षांची स्कूटर, जिच्यावर मुलगा पुढे उभा, मग मी, मग दाबून बसवलेली मुलगी आणि शेवटी सौ., अशी आमची वरात निघते. पावसात एकाच स्कूटरवर चाललेले अख्खे कुटुंब पाहून या गाडीची कल्पना सुचली, असे रतन टाटांनी वारंवार सांगितले आहे. ते वाचताना कोणीतरी न विचारता आपलाच फोटो काढल्यासारखे मला वाटले. (हे कौतुकाने म्हणतो आहे की किंचित रागाने, ते माझे मलाच नक्की सांगता येणार नाही.)

रोजच्या कामासाठी मला गाडी नको. त्यासाठी लोकल आहे आणि तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. गाडी हवी ती रविवारी कळव्याला आईकडे जायला, पावसाळ्यात मुलीला दमा उठतो तेव्हा रात्री-अपरात्री दवाखाना गाठायला, आणि मुख्य म्हणजे गणपतीला संगमेश्वरजवळच्या आमच्या गावी जायला. यंदा गणपती २३ ऑगस्टला आहेत. गाड्या जुलैपासून देऊ असे कंपनीने जाहीर केले आहे. नोंदणी ९ ते २५ एप्रिल या काळात होणार असून पहिल्या एक लाख ग्राहकांची निवड सोडत काढून होणार, असेही वाचले.

माझ्यापुढे दोन वाटा आहेत. एक म्हणजे अर्ज भरून वाट पाहणे. दुसरी म्हणजे कारखान्यातल्या एका सहकाऱ्याची २००२ सालची मारुती ८०० घेणे, जिचे तो ९०,००० रुपये सांगतो आहे आणि जी उद्या सकाळी माझ्या दारात उभी राहू शकते. सौभाग्यवतींचे मत दुसऱ्या वाटेच्या बाजूचे, मुलाचे अर्थातच पहिल्या. साध्या नॅनोत एसी नाही, तर मुंबईच्या हवेत ती चालेल का? दोन सिलिंडरचे इंजिन चार माणसे आणि सामान घेऊन कशेडी घाट चढेल का? आणि सोडतीत नाव लागलेच, तर गाडी नेमकी कधी हाती येते, याचा कोणाला अंदाज आहे का? आमच्या सोसायटीत चोवीस बिऱ्हाडे आणि सात गाड्यांची जागा आहे. तो प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण त्याचे उत्तर मला ठाऊक आहे आणि ते ऐकायचे नाही.

निवृत्त कुर्लेकर, ३० मार्च २००९

भांडुपकर, आपण माझ्या मुलाच्या वयाचे दिसता, म्हणून वडीलकीच्या नात्याने थोडे सविस्तर लिहितो.

मी कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात रंगखात्यात अठ्ठावीस वर्षे काढली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या या कंपनीतून फियाट ११०० निघाली, तिलाच पुढे १९७४ मध्ये पद्मिनी हे नाव मिळाले, आणि आज मुंबईच्या रस्त्यांवर ज्या काळ्यापिवळ्या टॅक्सी दिसतात त्यांतल्या असंख्य माझ्या डोळ्यांसमोरून रंग लेवून बाहेर पडल्या. ही जुनी कहाणी सांगण्याचे कारण एवढेच, की त्या काळी गाडी घेणे म्हणजे दुकानात जाऊन वस्तू आणणे नव्हते. गाडीचा नंबर लावावा लागे आणि मग विसरून जावे लागे. मुलगी पाळण्यात असताना लावलेला नंबर ती शाळेत जायला लागल्यावर लागे, आणि तोवर मूळ गरज बहुतेक संपलेली असे. बजाजच्या चेतक स्कूटरचीही तीच गत होती. परकीय चलनात पैसे भरू शकणाऱ्याला ती लवकर मिळे, म्हणून आखातात गेलेल्या मेहुण्याला आमच्या पिढीत फार मान होता.

अशा वातावरणात १९८३ साली मारुती आली. दहा हजार रुपये अनामत भरून लोकांनी नावे नोंदवली, एक लाखाहून जास्त अर्ज आले, आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या गाडीची किल्ली दिली गेली. गाडी पन्नास हजारांच्या आत-बाहेर होती. कुर्ल्यात आमच्या खात्यातले लोक जेवणाच्या सुट्टीत तिला ‘साबणाची डबी’ म्हणून हसत असत. पत्रा बोटाने दाबला तर आत जातो, अशी आमची खात्री होती. तरीही त्या हसणाऱ्यांपैकी तिघांनी गुपचूप अर्ज भरले होते. एकाचा नंबर लागला, आणि गाडी ताब्यात घेण्याआधीच त्याला दारात येऊन वर पैसे देऊ करणारी माणसे भेटू लागली. ‘ऑन’ हा शब्द मुंबईकराला मी समजावून सांगायला नको.

वाट पाहण्यालाही एक किंमत असते आणि ती कोणत्याही जाहिरातीत छापलेली नसते. नव्वदच्या दशकात परदेशी कंपन्यांच्या भागीदारीतल्या गाड्यांची लाट आली, तेव्हा मीही एका नव्या छोट्या गाडीसाठी पैसे भरले होते. कंपनीचे नाव घेत नाही. आज-उद्या करता करता दोन वर्षे गेली, गाडी आली नाही, आणि भरलेले पैसे परत मिळवण्यासाठी मला इतक्या खेपा घालाव्या लागल्या की त्या रिक्षाभाड्यात एक सायकल आली असती.

म्हणून माझे मत असे. अर्ज भरायचा असेल तर जरूर भरा, परंतु तो म्हाडाच्या सोडतीचा अर्ज भरावा तसा भरा: लागले तर उत्तम, न लागले तर घर चालू राहिले पाहिजे. ऑगस्टच्या तारखेशी त्याची गाठ मारू नका. साणंदचा कारखाना अजून उभा राहायचा आहे, तोवर उत्तराखंडात पंतनगरला गाड्या बनणार आहेत आणि तिथली क्षमता वर्षाला पन्नास हजारांच्या आसपास असल्याचे वर्तमानपत्रांत आले आहे. एक लाख गाड्यांना या हिशेबाने किती काळ लागेल, हे चौथीतला आपला मुलगादेखील काढून दाखवील.

पाना नंबर बारा, ५ एप्रिल २००९

माझे लालबागला छोटे गॅरेज आहे आणि वाहन अभियांत्रिकीची पदविकाही आहे. काल एका शोरूममध्ये गर्दीतून वाट काढत मी नॅनोत प्रत्यक्ष बसून आलो. चालवायला देत नाहीत; पाहू देतात, बसू देतात, आणि दोन मिनिटांनी मागचा माणूस खांद्यावर हात ठेवतो.

आधी भांडुपकरांच्या इंजिनाबद्दलच्या शंकेकडे येतो. इंजिन ६२४ सीसीचे, दोन सिलिंडरचे, ॲल्युमिनियमचे, पेट्रोलवर चालणारे असून ते मागच्या सीटच्या खाली-पाठीमागे बसवले आहे आणि मागच्याच चाकांना फिरवते. ताकद ३५ अश्वशक्ती. कमाल वेग ताशी १०५ किलोमीटर. आकडा लहान वाटतो, परंतु गाडीचे स्वतःचे वजन अवघे ६०० किलोच्या घरात आहे, हे विसरता कामा नये. घाटात ओझे ओढायचे असते ते आधी स्वतःचे. चार माणसे आणि गणपतीचे सामान घेऊन ती कशेडी चढेल, पण दुसऱ्या गिअरमध्ये, सावकाश, आणि मागे एसटी असेल तर तिचा हॉर्न ऐकत चढेल. गिअर चारच आहेत. घाटात एसी बंद ठेवण्याची मनाची तयारी असू द्या.

‘स्वस्त आहे म्हणजे काहीतरी कमी केलेच असणार’ असे प्रत्येक जण म्हणतो आहे, आणि ते खरेच आहे. मात्र काय कमी केले आणि कसे, हे पाहण्यात खरी गंमत आहे. प्रत्येक चाकाला चारऐवजी तीन नट आहेत. वायपर एकच, पण मोठा. साध्या मॉडेलमध्ये बाहेरचा आरसा फक्त चालकाच्या बाजूला. चारही चाकांना ड्रम ब्रेक. मागे डिकीचे दार दिसते, परंतु ते उघडत नाही. सामान ठेवायचे तर मागच्या सीटच्या पाठीवरून आत घालावे लागते आणि तिथली जागा मोठ्या प्रवासी बॅगेची नाही, दप्तराची आहे. पेट्रोल भरण्याचे तोंड पुढच्या बॉनेटखाली असल्याने पंपावर दर वेळी बॉनेट उघडावे लागणार. टाकी १५ लिटरची. स्टेपनी पुढे, बॅटरी चालकाच्या सीटखाली. यातली एकेक गोष्ट चिल्लर वाटेल, पण लाखाच्या आत किंमत बसवायची तर पत्र्याच्या प्रत्येक इंचाशी भांडावे लागते आणि ते भांडण पुण्याच्या संशोधन केंद्रात गिरीश वाघ यांच्या चमूने काही वर्षे चिकाटीने केलेले आहे. माझ्यासारख्या पाना चालवणाऱ्या माणसाला त्याचे अप्रूप वाटते, हे मोकळेपणाने कबूल करतो.

आतली जागा हा मात्र खरा धक्का आहे. गाडीची लांबी साधारण ३.१ मीटर, रुंदी दीड मीटर, उंची मात्र १.६५ मीटरच्या जवळ. बाहेरून मारुती ८०० पेक्षा ८ टक्के लहान आणि आतून २१ टक्के मोठी, असे कंपनी सांगते. मी पाच फूट अकरा इंच आहे; मागे बसलो तेव्हा गुडघे पुढच्या सीटला टेकले नाहीत. इंजिन मागे नेल्याने पुढचे नाक आखूड झाले आणि ती वाचलेली लांबी माणसांना मिळाली, हा त्यातला हिशेब आहे.

आता न आवडलेले. मागे इंजिन म्हणजे मागे बसणाऱ्याच्या कानाशी आवाज, आणि दोन सिलिंडरचा आवाज रिक्षाची आठवण करून देतो, हे लपवून उपयोग नाही. एअरबॅग नाहीत. मुंबईसाठी सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा पाण्याचा. २६ जुलै २००५ नंतर माझ्या गॅरेजात ओळीने उभ्या असलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा किल्ली फिरवून चालू करण्याचा मोह ज्यांनी आवरला नाही, त्यांची इंजिने उघडावी लागली. चाके १२ इंची, गाडी हलकी, म्हणजे गुडघाभर पाण्यात ती न्यायचीच नाही, मग इंजिन पुढे असो वा मागे.

एसीबद्दल माझे उत्तर ठाम आहे. मुंबईत एसी उन्हाळ्यापेक्षा पावसाळ्यात जास्त लागतो, कारण काचा बंद केल्या की आतून धुके धरते आणि समोरचे दिसेनासे होते. आपल्या मुलीला दमा आहे. तेव्हा साधे मॉडेल घेऊ नका, मधले ‘सीएक्स’ घ्या, त्यात एसी आहे आणि मागची सीटही दुमडते. ‘एलएक्स’मध्ये पुढच्या काचा बटणावर, सेंट्रल लॉकिंग वगैरे आहे, त्यावाचून अडत नाही.

राहिली जुनी मारुती. सात वर्षांची, तीन सिलिंडरची, सुटे भाग गल्लोगल्ली मिळतात, कोणत्याही मेकॅनिकचा हात तिच्यावर बसलेला आहे. ९०,००० हा भाव मला चढा वाटतो. घ्यायचीच ठरली तर पुढच्या चाकांच्या वरचा पत्रा आणि पायाखालची चटई उचलून गंज पाहा. भांडुपच्या खाडीवाऱ्यात सात वर्षे उघड्यावर काढलेली गाडी वरून कितीही चकचकीत असली तरी तळाशी खरे बोलते.

मुगभाटवाला, ६ एप्रिल २००९

सर्वांचे लेखन माहितीपूर्ण आहे, परंतु मूळ प्रश्नच बाजूला राहिला आहे असे वाटते. आमच्या गिरगावात आत्ताच संध्याकाळी सातनंतर रुग्णवाहिका गल्लीत शिरू शकत नाही. अशा शहरात लाख रुपयांत गाडी मिळू लागली तर काय होईल, याचा विचार कोणी करणार आहे का? सोसायटीत सात गाड्यांची जागा असताना आठवी आणणे म्हणजे रोजच्या भांडणाला आमंत्रण आहे. वाट पाहायचीच असेल तर आणखी डब्यांच्या लोकलची पाहावी.

शिवाजी पार्कची वाचक, ६ एप्रिल २००९

मुगभाटवाले साहेब, आपली काळजी खरी आहे, पण तिची वेळ मला खटकते. गेली दहा वर्षे या शहरात दीड-दोन टनांच्या, पावणेपाच मीटर लांबीच्या गाड्या एकेका माणसाला घेऊन फिरत आहेत, त्या आमच्या पदपथांवर चढून उभ्या राहतात, आणि त्यांच्यासाठी कोणी असा धागा काढल्याचे माझ्या पाहण्यात नाही. स्टोअर विभागातला एक माणूस दम्याच्या मुलीला पावसात भिजू द्यायचे नाही म्हणतो, तेव्हा मात्र शहराच्या क्षमतेचा प्रश्न उपस्थित होतो. रस्त्यावरची जागाच मोजायची असेल तर ३.१ मीटरची गाडी सर्वांत कमी अपराधी आहे.

भांडुपकर, सोसायटीच्या जागेसंबंधी एक सुचवू का? मारुती असो वा नॅनो, गाडी दारात आल्यावर जागा मागितली तर भांडण होते. गाडी येण्यापूर्वी वार्षिक सभेत पाळीपाळीने जागा देण्याचा विषय लेखी मांडला तर निदान चर्चा होते. आमच्याकडे दर वर्षी चिठ्ठ्या टाकून जागा बदलतात. पहिल्या वर्षी फार आरडाओरडा झाला, आता सवय झाली आहे. आणि लोकल व गाडी यांत निवड करायची नसते; ते स्वतःच म्हणाले आहेत की कामावर लोकलनेच जाणार.

काउंटर क्रमांक चार, १२ एप्रिल २००९

मी एका बँकेच्या शाखेत काम करतो आणि गुरुवारपासून आमच्याकडे याच अर्जांची रीघ लागलेली आहे, म्हणून प्रत्यक्षातली प्रक्रिया सांगतो. लोक विचारतात तीच माहिती आहे, वेगळे गुपित काही नाही.

अर्जाची किंमत ३०० रुपये. तो स्टेट बँकेच्या शाखांत, टाटांच्या विक्रेत्यांकडे, तसेच वेस्टसाइड, क्रोमा यांसारख्या त्यांच्याच समूहाच्या दुकानांतही मिळतो. नोंदणीची रक्कम साध्या मॉडेलला ९५,०००, सीएक्सला १,२०,००० आणि एलएक्सला १,४०,००० रुपये. म्हणजे ही टोकन रक्कम नाही, जवळजवळ गाडीचीच किंमत आहे. काउंटरवर येऊन हे कळल्यावर चेहरा पडलेली माणसे मी रोज पाहतो. बँकेमार्फत कर्ज काढून अर्ज करायचा असेल तर हाती असलेल्या २,९९९ रुपयांतही तो करता येतो, पण सोडत निघेपर्यंतचे व्याज कोणाच्या माथी, नाव न लागल्यास कोणती रक्कम परत मिळत नाही, या दोन ओळी सही करण्यापूर्वी वाचून घ्याव्यात. बहुतेक जण त्या वाचत नाहीत. मागच्याला घाई असते.

नोंदणी संपल्यापासून साठ दिवसांच्या आत सोडत काढली जाईल. ज्या एक लाख लोकांची नावे निघतील त्यांना आत्ता जाहीर झालेली किंमत कायम राहील, आणि माझ्या मते या योजनेतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. ज्यांची निघणार नाहीत त्यांना पैसे परत घेता येतील किंवा पुढच्या फेरीसाठी ठेवता येतील. एक ते दोन वर्षे ठेवल्यास साडेआठ टक्के आणि त्याहून जास्त काळ ठेवल्यास पावणेनऊ टक्के व्याज मिळेल. वॉरंटी १८ महिने किंवा २४,००० किलोमीटर, जे आधी पूर्ण होईल ते.

‘एक लाख’ या शब्दाबद्दलही सांगतो, कारण त्यावरून काउंटरवर वाद होतात. तो आकडा साध्या मॉडेलच्या कारखान्यातल्या किमतीचा आहे. पंतनगरहून मुंबईपर्यंतची वाहतूक, विक्रेत्याचा हिस्सा, कर, आपल्या महापालिकेची जकात, आरटीओचा एकरकमी कर आणि विमा ही बेरीज केली की मुंबईच्या रस्त्यावर उतरलेली गाडी लाखाच्या बरीच पुढे गेलेली असते. शोरूममधून छापील दरपत्रक घ्या आणि तोंडी आकड्यावर विसंबू नका.

गणपतीविषयी विचाराल तर निवृत्त कुर्लेकरांशी मी सहमत आहे. एक लाख गाड्या एकाच दिवशी येणार नाहीत. सोडतीत नाव निघणे आणि त्या नावाला कितवा क्रमांक मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

भांडुपकर, २४ एप्रिल २००९

आपण सर्वांनी एका अनोळखी माणसासाठी एवढा वेळ काढलात, त्याबद्दल आभार. काय झाले ते कळवणे माझे कर्तव्य आहे.

मारुती पाहून आलो. पाना नंबर बारा यांनी सांगितल्याप्रमाणे चटई उचलली, तर खाली चटईच होती, म्हणजे दुसरी, आणि तिच्याखाली पत्रा नव्हता म्हटले तरी चालेल. सहकारी चांगला माणूस आहे. त्यालाही ते ठाऊक नव्हते आणि आम्ही दोघे बराच वेळ त्या भोकातून सोसायटीची फरशी पाहत उभे राहिलो. सौभाग्यवतींचे मत तिथेच बदलले.

मग आज, शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी, सीएक्सचा अर्ज भरला. ८०,००० मुदतठेव मोडून आणि उरलेले ४०,००० कारखान्याच्या पतपेढीतून. पतपेढीच्या सचिवांनी कारण विचारले आणि ‘वाहन खरेदी’ असे सांगताच ते हसून म्हणाले की या महिन्यातला हा नववा अर्ज आहे. बँकेत दीड तास रांग होती. माझ्या पुढे एक भाजीविक्रेते गृहस्थ होते, त्यांना अर्ज इंग्रजीत असल्याने भरता येत नव्हता. त्यांचा मी भरून दिला. माझ्या मागच्या तरुणाने गाडी स्वतःसाठी नकोच, नाव लागल्यावर विकणार आहे, असे मोठ्याने सांगितले, तेव्हा कुर्लेकर काकांची आठवण झाली.

सोसायटीच्या सचिवांना जागेसंबंधी लेखी पत्र दिले आहे. त्यांनी ते घेतले, दोनदा वाचले आणि विचारले, “गाडी कुठे आहे?” सोडत झाल्यावर कळेल असे मी म्हणालो. त्यावर, मग सभाही सोडत झाल्यावरच घेऊ, असे ते म्हणाले. शिवाजी पार्कच्या ताईंनी यावर पुढे काय करावे ते कृपया सांगावे.

कपाटावरचे जुने चित्र मुलाने आज स्वतःहून काढले आणि तिथे अर्जाची पावती चिकटवू का, असे विचारले. पावती मी कपाटाच्या आत, कुलपात ठेवली आहे.

कोकण रेल्वेचे आरक्षण नव्वद दिवस आधी उघडते, म्हणजे गणपतीच्या गाड्यांचे मे महिन्याच्या अखेरीस. त्या दिवशी पहाटे चारला खिडकीवर रांग लावायला मी जाणारच आहे. भांडुप परिसरातील कोणी येणार असल्यास कळवावे, स्कूटरवर एका माणसाची जागा आहे.